घोडा आपला नाही, मंगळवार-गुरुवार-शनिवार आपले

फ्रिजवर चिठ्ठी लावलेली होती: ‘घोडा, साडेसात हजार डॉलर. दोन वर्षं वाढदिवसाला दुसरं काही मागणार नाही.’ खाली सही. लेक तेव्हा बारा वर्षांची होती. न्यू जर्सीत आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका तबेल्यात ती तीन वर्षं दर शनिवारी घोडेस्वारी शिकत होती. (इथे तबेल्याला ‘बार्न’ म्हणतात. आमच्याही तोंडात आता तेच बसलंय.)

मी चिठ्ठी खिशात घातली आणि हिशेबाला बसलो. साडेसात हजार म्हणजे बऱ्या अवस्थेतल्या जुन्या गाडीपेक्षा कमीच. तिच्या दातांच्या तारांना जवळपास तेवढे गेले होते. मनात म्हटलं, जमेल हे. शनिवारी तिच्या शिक्षिकेला सांगितलं तर ती हसली. “घ्यायला काय, घ्याल,” म्हणाली, “पण गाडी बंद करून ठेवली की ती खात नाही. आधी लीज करून बघा.”

घोड्याची लीज म्हणजे घोड्याचा भाडेपट्टा. मालकी मालकाची, घोडा ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या अटींवर आपल्याकडे. अमेरिकेत ही अगदी रोजची गोष्ट आहे. आपल्याकडच्या नातेवाइकांना मात्र सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे लग्नातल्या वरातीला आणतात तसा?” नाही. वरातीचा घोडा तासांवर येतो आणि जातो. इथे महिने, कधी कधी वर्षं, त्या जनावराची जबाबदारी तुमच्या अंगावर असते. किती आणि कुठली, तेच ठरवणं म्हणजे लीज.

आधी शिक्षिका का हसली ते बघू.

मध्यम बांध्याच्या घोड्याचं वजन साधारण ५०० किलो. तो रोज वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडी वैरण खातो, म्हणजे दहा किलोच्या आसपास. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्याचं पोट शरीराच्या मानानं लहान, त्यामुळे दोन वेळा ताट वाढून चालत नाही. दिवसभर थोडं थोडं चरत राहणं ही त्याची गरज आहे. खूर आपल्या नखांसारखे वाढतच राहतात, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो. दातही आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना त्यांना धारदार कडा येतात. त्या वर्षातून एकदा तरी कानशीनं घासून घ्याव्या लागतात, नाहीतर गालाला आतून जखमा होतात. मग लशी: धनुर्वात, रेबीज, डासांमुळे पसरणारे मेंदूज्वर. शिवाय ‘कॉगिन्स’ नावाची रक्ततपासणी. घोड्यांना होणाऱ्या एका असाध्य विषाणूजन्य रक्तक्षयासाठी ती करतात, आणि तिचा कागद नसेल तर स्पर्धेच्या फाटकातून घोडा आत घेत नाहीत.

यातली बहुतेक कामं स्वतःची जमीन नसलेला माणूस बार्नवर सोपवतो. जागा, वैरण, शेण काढणं, सकाळ-संध्याकाळ आत-बाहेर नेणं, या सगळ्याचे मिळून आमच्या भागात महिन्याला हजार डॉलरच्या आसपास पडतात, चांगल्या ठिकाणी त्याहून बरेच जास्त. नालबंद आणि डॉक्टर वेगळे. म्हणजे साडेसात हजारांचा घोडा सात-आठ महिन्यांत स्वतःच्या किमतीएवढं खाऊन मोकळा. आणि घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. आम्ही दहा वर्षांचा घोडा घेतला असता तर लेक कॉलेजला गेली असती, नोकरीला लागली असती, कदाचित लग्नही झालं असतं आणि घोडा अजून आमच्या खर्चानं चरत असता.

विकत घेण्याची किंमत ही घोड्याच्या खर्चातली सगळ्यात छोटी रक्कम असते, हे कळलं की लीजचं अर्ध गणित समजलं.

खरं तर मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला, लंगडा झाला, तर शिलेदाराचं घर बुडे. बारगिराला दुसरा घोडा मिळे. पागेची रचना सांगताना सभासद बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याची नोंद आहे. पाणी आणि खूर. घोडा ठेवणं म्हणजे नेमकं काय ठेवणं, हे त्या एका नोंदीत आहे. लीज घेणारा म्हणजे आजचा बारगीर. आणि बारगीर हा काही कमी प्रतीचा स्वार नव्हता, हे मी लेकीला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिनं विचारलं, “त्यांना जंपिंग करू द्यायचे का?” असो.

आता प्रकार. नावं बरीच आहेत, पण त्यांत मूळ गोष्ट एकच: खर्च, दिवस आणि निर्णय यांची वाटणी.

सगळ्यात जास्त चालते ती हाफ लीज. आठवड्याचे तीन दिवस घोडा तुमचा. बाकीचे दिवस मालकाचे, किंवा दुसऱ्या लीजवाल्याचे, आणि एक दिवस घोड्याला सुट्टी. घोडा बार्नमधून हलत नाही. तुम्ही महिन्याला ठरलेली रक्कम देता, बहुधा खर्चाच्या निम्म्याच्या आसपास. भावकीतल्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात ना, सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार धाकट्याचे, तसंच. भांडणंही त्याच जातीची. विहिरीवर कुणी पाळी संपल्यावर अर्धा तास मोटर चालू ठेवतो, इथे कुणी आपल्या दिवशी घोड्याला इतकं पळवतं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वाट्याला थकलेलं जनावर येतं. आमचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. बुधवारी येणाऱ्या बाई आठवड्यातून एकदाच बसत, पण हाताला जड होत्या. गुरुवारी घोडा लगामावर मान ताणून धरायचा, ती सैल करण्यात लेकीची पहिली वीस मिनिटं जायची.

फुल लीज म्हणजे सातही दिवस तुमचे आणि सगळा खर्चही तुमचा. वर मालकाला काही रक्कम द्यायची की नाही, हे घोड्यावर अवलंबून. नाही द्यायची तर तिला ‘फ्री लीज’ म्हणतात, आणि या नावानं फार लोक फसतात. फुकट काहीच नसतं. मालक भाडं घेत नाही एवढंच. वैरणीपासून नालबंदापर्यंत सगळं तुमच्या खिशातून जातं. आमच्या आजोळी, सोलापूरकडे, शेळी अर्धलीनं देत. शेळी मालकाची, चारापाणी आणि राखण पाळणाऱ्याची, करडं निम्मी निम्मी. फ्री लीज अर्धलीसारखीच, फक्त वाटायला करडं नाहीत.

स्पर्धेच्या घोड्यांचा मामला वेगळा. तिथे वर्षाची लीज घोड्याच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी धरण्याचा प्रघात आहे, पोसण्याचा खर्च वेगळा. म्हणजे तीस हजारांचा घोडा वर्षाला दहा हजार. तीन वर्षांत पूर्ण किंमत भरली आणि हातात काही नाही, असा हिशेब आपल्या डोक्यात लगेच होतो. माझ्याही झाला. पण विकत घेतलेला घोडा दुसऱ्या वर्षी पायानं गेला तर तीस हजार एका दुपारी शून्य होतात आणि खर्च चालूच राहतो. लीजचा घोडा मुदत संपली की परत जातो. तिसरा हिस्सा आपण घोड्यासाठी जितका देतो, तितकाच तो धोका दुसऱ्याच्या अंगावर राहावा म्हणून देतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर लीज जवळजवळ बुटांसारखी आहे. चौदा हात दोन बोटांपेक्षा कमी उंचीच्या घोड्याला इथे पोनी म्हणतात. यातला ‘हात’ म्हणजे चार इंच, ‘बोट’ म्हणजे एक इंच, आणि मोजायचं जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. म्हणजे अठ्ठावन्न इंच. दहा वर्षांच्या मुलीला पोनी अगदी बेताची होते आणि बाराव्या वर्षी तिचे पाय पोटाखाली लोंबायला लागतात. मग ती पोनी विकायची, नवा घोडा शोधायचा, आणि पोनी विकताना घरात जे रडणं होतं ते वेगळंच.

आता पलीकडच्या बाजूचा विचार करा. कुणी आपला घोडा दुसऱ्याच्या पोराच्या हाती का देईल? कारणं अगदी घरगुती असतात. मुलगी कॉलेजला गेली. मालकीणबाई बाळंत होणार आहेत. पाठीचं दुखणं निघालं. घोडा इतका गुणी आहे की विकवत नाही, पण पोसवतही नाही. किंवा घोडा सोळा-सतरा वर्षांचा झाला, उंच उड्या आता त्याला झेपत नाहीत, पण नुसता उभा ठेवला तर सांधे आखडतील. अशा घोड्याला इथे ‘स्कूलमास्टर’ म्हणतात आणि हा शब्द मला फार आवडतो. खरंच जुन्या मास्तरांसारखा असतो तो. पोरानं चुकीची सूचना दिली की जागचा हलत नाही, बरोबर दिली की लगेच काम करतो. आमचा वॉलनट तसाच. कुमैत (लालसर तपकिरी) रंगाचा, सोळा वर्षांचा, खच्ची केलेला, तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) आवळताना डावीकडे वळून दात दाखवणारा. चावत कधीच नाही. आठवण करून देतो फक्त.

लीज घेण्याआधी घोडा बघायला जाल तेव्हा एक गोष्ट पाळा: आपण पोहोचायच्या आधी त्याला तयार करून ठेवू देऊ नका. कुरणातून आणताना कसा येतो, खरारा करताना कान कुठे असतात, खूर उचलू देतो का, जीन पाठीवर पडताना पाठ ताणतो का, हे सगळं डोळ्यांनी बघा. मालकाला किंवा त्याच्या माणसाला आधी बसायला सांगा. ते नाही म्हणाले तर तुम्हीही बसू नका. एकदा बघून ठरवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. लीज वर्षाची असेल तर डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, विकत घेताना करतात तशीच. त्यात डॉक्टर एकेक पाय मिनिटभर दुमडून धरतो आणि सोडल्याबरोबर घोड्याला दुडक्या चालीनं पळवतो. सांध्यात काही असेल तर पहिल्या दोन-चार पावलांत लंगडणं दिसतं. रक्ताचा नमुनाही काढून ठेवतात, कारण वेदनाशामक देऊन लंगडा घोडा दोन दिवस सरळ चालवता येतो. सगळेच मालक तसं करतात असं नाही. पण तपासणीला नाराज होणाऱ्या मालकाचा घोडा मी तरी घेणार नाही.

स्वाराचं वजनही मोकळेपणानं बोलावं. जीन आणि कपड्यांसकट स्वार घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत असावा, असा ढोबळ नियम आहे. ४५० किलोच्या घोड्यावर ९० किलो. चाळिशीनंतर शिकायला येणारे आपले लोक या आकड्यापाशी थोडे गप्प होतात. मीही झालो होतो.

इथवर सगळं सोपं आहे. घोडं पेंड खातं ते करारात.

आमची पहिली लीज वॉलनटची नव्हती. ती दुसऱ्या एका बार्नमध्ये होती आणि सगळं तोंडी ठरलं होतं. माणसं गोड, महिन्याचे चारशे डॉलर, आठवड्याचे तीन दिवस. तिसऱ्या आठवड्यात घोडी पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागली. खुरात पू झाला होता. हे दुखणं तसं साधं. नालबंद किंवा डॉक्टर खुराला खालून वाट करून देतो, मग पाय गरम पाण्यात सैंधवासारख्या क्षारात बुडवायचा, पट्टी बांधायची, वाट बघायची. पंचवीस दिवस गेले. त्या महिन्याचे पैसे आम्ही पूर्ण भरले. मग डॉक्टरच्या बिलातला निम्मा वाटा मागितला गेला. मी म्हणालो, घोडी तुमची. ते म्हणाले, खूर बिघडला त्या आठवड्यात तुमची मुलगी बसत होती. मी म्हणालो, बुधवारी कोण बसलं होतं? ते म्हणाले, ते आम्ही बघू. आज विचार केला तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, कारण चुकीचं ठरवायला कागदच नव्हता. नंतर त्यांनी छापील करारनामा आणून दिला. वरातीमागून घोडं म्हणतात ते इतकं शब्दशः कधी अनुभवलं नव्हतं. आम्ही महिना संपवून बाहेर पडलो.

तेव्हापासून मी करार वाचताना आधी पैसे बघत नाही. एकच प्रश्न विचारतो: रात्री दोन वाजता घोडा जमिनीवर लोळायला लागला तर काय?

हा प्रश्न उगाच नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं वर येतच नाही. आतडी लांबलचक आणि पोटात बऱ्यापैकी मोकळी, त्यामुळे वायू साठला, वाळू साचली, वैरण अडकली, आतड्याला पीळ पडला, काहीही झालं की पोटशूळ. त्याला ‘कॉलिक’ म्हणतात आणि घोडेवाल्यांना या शब्दाची धास्ती असते. बहुतेक वेळा औषधानं आणि चालवून बरं होतं. पण पीळ पडलेला असेल तर काही तासांत शस्त्रक्रिया, नाहीतर घोड्याची सुटका करणं, एवढेच दोन मार्ग उरतात. शस्त्रक्रियेचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात सहज जातो. आणि हे ठरवायचं कुणी? मालक विमानात आहे, फोन लागत नाही, बार्नमध्ये तुम्ही उभे आहात आणि डॉक्टर सही मागतेय.

म्हणून करारात हे लिहिलेलं हवं: आधी फोन कुणाला करायचा, तो लागला नाही तर कुणाला, किती रकमेपर्यंतचे उपचार मालकाला न विचारता करायचे, शस्त्रक्रियेला मालकाची आगाऊ संमती आहे का नाही, आणि घोड्याला कायमचं झोपवण्याचा शब्द कुणाचा. वॉलनटच्या मालकीणबाईंनी स्वच्छ लिहिलं आहे की त्याच्या वयात शस्त्रक्रिया करायची नाही. वाचताना लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्या बाईंबद्दल आदर वाटला. शुद्धीवर असताना, उजेडात, त्यांनी ते ठरवून ठेवलं होतं.

बाकीची कलमं त्यामानानं सरळ असतात, पण सोडू नका. घोडा लंगडा असेल त्या काळातलं भाडं भरायचं की नाही, अर्धं की पूर्ण. उड्यांची उंची कुठवर. तुमच्या मैत्रिणीनं एकदा बसलं तर चालेल का. (नाही. विचारूच नका.) बार्नच्या शिक्षकाकडे आठवड्याला एक धडा घेणं सक्तीचं आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी असतं आणि त्याचे पैसे वेगळे. जीन कुणाची: एका घोड्याला बसलेली जीन दुसऱ्याच्या पाठीला काचते, त्यामुळे शक्यतो त्याच्याच खोगिरावर बसावं. नाल पुढच्या दोन पायांना की चारही, आणि पैसे कुणाचे. घोडा बार्नमधून बाहेर नेता येईल का. लीज चालू असताना मालकानं घोडा विकायला काढला तर तुम्हाला आधी विचारणार का. सोडायचं असेल तर नोटीस किती दिवसांची, बहुधा तीस. आणि घोडा परत करताना तो कुठल्या स्थितीत असावा, हे फोटोंसकट. भाड्याचं घर सोडताना भिंतीवरच्या खिळ्यांवरून जे होतं ते इथे वजनावरून आणि पाठीवरच्या काचल्याच्या खुणांवरून होतं.

विमा हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात सांगतो. घोडा दगावण्याचा विमा असतो, त्याचा हप्ता साधारण घोड्याच्या किमतीच्या तीन-चार टक्के. त्यावर आजारपणाचं कलम जोडता येतं. पॉलिसी मालकाच्या नावावर असते, त्यामुळे हप्ता तुम्ही भरत असलात तरी दावा मंजूर झाला तर पैसे त्याला जातात. हे योग्यच आहे, फक्त आधी माहीत असावं. तिसरा भाग तुमच्या स्वतःच्या जबाबदारीचा: घोडा तुमच्या ताब्यात असताना त्यानं कुणाला लाथ मारली तर. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की घोड्याच्या स्वभावातच जे धोके आहेत त्यांसाठी बार्नला जबाबदार धरता येत नाही. दारात तशी पाटी असते, तिच्याखाली तुम्ही सही करता. पाटी बघून लोक म्हणतात, म्हणजे यांच्यावर खटलाच होत नाही. तसं नाही. तुटका तंग जाणूनबुजून दिला तर ती बेफिकिरी, घोड्याचा स्वभाव नव्हे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी: तुमच्याकडे ‘लीज’ फारसं कुणी म्हणत नाही. पूर्ण घोडा घेतला तर ‘लोन’, दिवस वाटून घेतले तर ‘शेअर’. व्यवहार तोच. तिथे प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो आणि कायद्यानं तो घोड्याबरोबर ठेवावा लागतो, म्हणजे तो लोनवर घेणाऱ्याच्या हातात जातो. पण पासपोर्ट म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. लोनवर घेतलेला घोडा परस्पर विकून टाकण्याचे प्रकार झाले आहेत ते याच गोंधळातून. देणाऱ्यानं खरेदीची पावती जपावी आणि लेखी कराराशिवाय घोडा दारातून हलू देऊ नये.

आणि महाराष्ट्रात? पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत बहुतेक लोक क्लबच्या घोड्यावर पैसे भरून बसतात, किंवा स्वतःचा घोडा घेऊन तो क्लबच्या तबेल्यात ठेवतात. मधला रस्ता अजून तितका रुळलेला नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा विकत मिळेल, लीजवर नाही. मात्र रेसच्या घोड्यांत लीज जुनी आहे आणि तिचं तर्कशास्त्र अगदी आपल्या शेतीतलं आहे. स्टड फार्मवाल्याकडे चांगल्या रक्ताची घोडी जन्माला येते. पुढे तिच्यापासून वंश वाढवायचा म्हणून ती विकायची नसते, पण शर्यतीत धावल्याशिवाय तिची किंमत सिद्ध होत नाही. मग तो ती शर्यतीच्या वयापुरती लीजवर देतो. घेणारा ट्रेनरचा, चंदीचा (दाण्याच्या खुराकाचा), सगळा खर्च करतो, घोडी त्याच्या रंगांत धावते, बक्षिसातला ठरलेला हिस्सा मालकाला जातो आणि धावणं संपलं की घोडी फार्मवर परत. फुल लीज खंडानं दिलेल्या शेतासारखी, तर ही सरळ वाट्याची शेती. पिकलं तर दोघांचं, नाही पिकलं तर कसणाऱ्याची मेहनत गेली, जमीन मालकाचीच.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हे घोडे धावतात, आणि ती जमीनही शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे पट्ट्यानंच. आधीचा पट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढे कित्येक वर्षं घोड्यांपेक्षा पट्ट्याच्याच बातम्या जास्त आल्या.

लीजला एक दुखरी बाजू आहे आणि ती हिशेबात बसत नाही. जीव लागतो. तीन दिवसांच्या लीजमध्येही सात दिवसांचा लागतो. आणि निर्णय मात्र आपले नसतात. मागच्या हिवाळ्यात मालकीणबाईंनी वॉलनटचा खुराक बदलला, तो थोडा फुगला, लेकीला ते पटलं नाही. ती चिडली, मला बोलायला सांगितलं. मी बोललो नाही. आमचे तीन दिवस असतात, चंदीची बादली त्यांची. ज्याला हे सोसत नाही, ज्याला रोज बसायचंय, घोड्याला आपल्या पद्धतीनं घडवायचंय, आणि पुढची पंधरा वर्षं महिन्याला तेवढी रक्कम निघेल याची खात्री आहे, त्यानं खुशाल विकत घ्यावा. बाकीच्यांनी निदान एक वर्ष लीज करावी. माझं मत विचाराल तर पहिला घोडा कुणीच विकत घेऊ नये.

तशी दुसऱ्याच्या घोड्यावर बसणं ही मोठ्या स्वारांचीही गोष्ट आहे. अमेरिकेत कॉलेजांच्या स्पर्धा असतात, तिथे मुलं स्वतःचा घोडा आणतच नाहीत. यजमान कॉलेजचे घोडे, आणि कुणी कुठल्या घोड्यावर बसायचं ते चिठ्ठ्या टाकून. सराव न करता सरळ मैदानात. आणि फवाद मिर्झानं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताला वैयक्तिक रौप्यपदक मिळवून दिलं तो सेन्योर मेडिकॉटही त्याच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता, प्रायोजकांचा होता. लेकीला हे सांगितल्यावर तिनं बारगिरांपेक्षा जास्त रस घेतला.

आमची लीज दर जूनला नवी होते. या वर्षी ती बहुधा शेवटची, कारण लेकीचं कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतंय. मालकीणबाईंनी पुढच्या मुलीला घोडा दाखवायला बोलावलं होतं, दहा वर्षांची, आईबरोबर आलेली. आईच्या हातात वही होती आणि तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो महिन्याच्या पैशांचा. मी म्हटलं, ते सांगतो, पण आधी करारातलं चौथं पान काढा. तिकडे लेक त्या छोटीला तंग कसा आवळायचा ते दाखवत होती. एकदम नाही, एक भोक, मग थांबायचं, मग दुसरं. वॉलनटनं डावीकडे मान वळवली आणि दात दाखवले. छोटी दोन पावलं मागे सरली.

“चावत नाही तो,” लेक म्हणाली. “फक्त विचारतोय, तू कोण?”